वाघ नाही दिसला? मग ऐनाचं खोड बघा!

सानगडी, साकोलीकडून नागझिऱ्याला निघालात की पिटेझरी गेट लागतं. १९७० साली अभयारण्य झालेलं हे जंगल २०१३च्या डिसेंबरपासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आत पायी हिंडता येत नाही, गाडीतूनच फिरायचं आणि सोबत गाईड हवाच. पावसाळ्यात सफारी बंद.

हे गाईड बहुतेक आसपासच्या गावांतलेच. मागच्या फेरीत आमच्या गाईडभाऊने गाडी थांबवली ती वाघासाठी नाही, ऐनाच्या झाडासाठी! मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल, आणि खोडात पाणी साठवणारं झाड. पुढे मोहाच्या खोडावर चार-पाच उभे ओरखडे होते. "अस्वल चढलं होतं इथं. जुने आहेत, कडा काळ्या पडल्यात," तो म्हणाला. शेजारीच एक वारूळ फोडलेलं. वाळवी हा अस्वलाचा आवडता खाऊ. एवढ्यात आमच्यातला एकजण "वाघ कधी?" म्हणून तिसऱ्यांदा विचारता झाला (असे एक-दोघे प्रत्येक गाडीत असतातच).

माझं ऐकाल तर उन्हाळ्यात पहाटेची फेरी घ्या. पानगळ झालेली असते, लांबवर दिसतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. गर्द हिरवं रान हवं असेल तर मात्र पावसाळ्यानंतर लगेच या.

जाण्याआधी किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा' जरूर वाचा. चारशे दिवस ते या जंगलात राहिले होते.

कपडे मातकट रंगाचे घाला आणि अत्तर घरीच ठेवा!