शिक्षकांची आचारसंहिता : संरक्षण आणि उत्तरदायित्व

पालक आपले मूल ज्या विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करतात, तो विश्वास हेच शिक्षकी पेशाचे खरे भांडवल होय. वर्गात शिक्षकाचा शब्द अखेरचा असतो. या अधिकाराचा गैरवापर झाला तर मुलाने दाद कोठे मागावी? उलटपक्षी, खोट्या तक्रारीमुळे अथवा संस्थाचालकांच्या रोषामुळे शिक्षकाच्या पोटावर पाय येत असेल तर त्याने कोणाकडे धाव घ्यावी? हे दोन प्रश्न वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांचे उत्तर एकच आहे. ते म्हणजे नियमानुसार व वेळेत झालेली निःपक्ष चौकशी.

संहितेकडून कायद्याकडे

राज्यातील खाजगी माध्यमिक शाळांचा कारभार पूर्वी प्रामुख्याने माध्यमिक शाळा संहितेनुसार चालत असे. ही संहिता प्रशासकीय स्वरूपाची होती; तिला कायद्याचे बळ नव्हते. ही उणीव ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ या कायद्याने दूर करण्यात आली. जुलै १९८१ मध्ये हा अधिनियम आणि त्याखालील नियमावली अंमलात आली. मान्यताप्राप्त खाजगी शाळांना, मग त्यांना अनुदान मिळत असो वा नसो, हा कायदा लागू आहे. शिक्षकाला सेवेची शाश्वती मिळावी आणि त्याचबरोबर तो आपल्या कामाबद्दल उत्तरदायी राहावा, असा दुहेरी हेतू अधिनियमाच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. जिल्हा परिषदांच्या शाळांतील शिक्षकांसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आणि १९६७ चे वर्तणूक नियम स्वतंत्रपणे करण्यात आले.

कर्तव्ये व मर्यादा

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ दिनांक १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाशी संबंधित असलेल्या या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत. नियमित व वेळेवर उपस्थित राहणे, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची आकलनशक्ती जोखून जरूर तेथे जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित विचारविनिमय करणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यात कसूर झाल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मात्र तत्पूर्वी शिक्षकास आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना, तर कलम २८ अन्वये खाजगी शिकवण्यांना मनाई आहे. छडीवाचून शिस्त लागत नाही, ही जुनी समजूत आता कायद्याच्या कसोटीस उतरत नाही.

कारवाई केव्हा?

१९८१ च्या नियमावलीत सेवेतून काढण्यास चार कारणे दिली आहेत : गैरवर्तणूक, नैतिक अधःपतन, कर्तव्यात हेतुपुरस्सर व सातत्याने केलेली हयगय आणि अकार्यक्षमता. शिक्षांचेही दोन वर्ग आहेत. समज, ताकीद, ठपका, एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणे व झालेल्या नुकसानीची वसुली या सौम्य शिक्षा होत. पदावनती व सेवासमाप्ती या कठोर शिक्षा होत. दोषाच्या मानाने शिक्षा असावी, हा या वर्गीकरणामागील आशय आहे.

चौकशी समितीची रचना

आरोप प्रथमदर्शनी ग्राह्य वाटल्यास संबंधित शिक्षकास आरोपांचे विवरण देऊन लेखी खुलासा मागवला जातो. तो समाधानकारक नसेल तर व्यवस्थापन चौकशीचा निर्णय घेते. चौकशी समिती तीन सदस्यांची असते. एक सदस्य व्यवस्थापनाचा, दुसरा खुद्द शिक्षकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला, आणि तिसरा राज्य अथवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने घेतलेला. आरोप मुख्याध्यापकावर असल्यास संस्थेचे अध्यक्ष समितीवर येतात व तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतून घेतला जातो. म्हणजेच, ज्याच्यावर आरोप आहे त्याचा विश्वासू माणूसही न्यायनिवाड्यास बसतो. दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, उलटतपासणी व बचाव हे टप्पे पार पाडून चौकशी सामान्यतः १२० दिवसांत पूर्ण व्हावी, असा दंडक आहे.

निलंबन ही शिक्षा नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे. त्यासाठी शिक्षण विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वसंमती घ्यावी लागते. निलंबनकाळात निर्वाह भत्ता देय असतो. संमतीवाचून निलंबन केल्यास त्या भत्त्याचा भार व्यवस्थापनाला स्वतः सोसावा लागतो.

न्यायाधिकरणाकडे दाद

सेवासमाप्ती, पदावनती वा ज्येष्ठता डावलली जाणे याविरुद्ध शिक्षकास ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरण त्यास पुन्हा सेवेत घेण्याचा व थकीत वेतन देण्याचा आदेश देऊ शकते. ही रक्कम संस्थेच्या अनुदानातून वळती करून थेट शिक्षकास द्यावी, अशी शिफारसही त्यास शासनाकडे करता येते. दबावाखाली राजीनामे लिहून घेण्याच्या प्रकारांना आळा बसावा, म्हणून राजीनामा दोन प्रतींत लिहून नोंदणीकृत टपालाने पाठवण्याचे बंधन कलम ७ मध्ये घातले आहे.

मुलांची सुरक्षितता

काही तक्रारी मात्र संस्थेच्या चार भिंतींत ठेवता येत नाहीत. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ अन्वये अशा अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडवल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल या भीतीने प्रकरण आपसांत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. खात्यांतर्गत चौकशी ही पोलीस तपासाला पर्याय होऊ शकत नाही.

नियम पाळण्यातच हित

समितीची रचना चुकली, शिक्षकाला प्रतिनिधी नेमू दिला नाही किंवा त्याला बचावाची संधी नाकारली, तर केलेली कारवाई अपिलात टिकणे कठीण होते. परिणामी निर्दोष शिक्षकाची वर्षे वाया जातात. आणि शिक्षक खरोखरच दोषी असेल तर केवळ या त्रुटींच्या आधारे तो त्याच मुलांसमोर पुन्हा उभा राहू शकतो. दोन्ही परींनी नुकसान विद्यार्थ्यांचेच होते. म्हणून संस्थाचालकांनी नियमांकडे अडचण म्हणून पाहू नये. पालकांनी आपली तक्रार दिनांक व तपशिलासह लेखी स्वरूपात मुख्याध्यापकांकडे आणि गरज पडल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी व तिची पोच घ्यावी. शिक्षकांनीही आचारसंहिता हा संशयाचा दाखला न मानता आपल्या पेशाच्या प्रतिष्ठेची हमी मानावी. सुरक्षित शिक्षक आणि सुरक्षित विद्यार्थी ही एकाच सुव्यवस्थित शाळेची दोन लक्षणे आहेत.