इंजिन फिरेना

डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी घरं बरीच, आणि त्यांतल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी मोटारींच्या धंद्यात. कुणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी सीटचे सांगाडे तपासतं. पण जुनी गाडी विकत घेऊन, ती नटबोल्टापर्यंत सुटी करून पुन्हा जोडायला बसलेला मराठी माणूस मला एकच ठाऊक आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तिकडच्या त्या दांडग्या जुन्या गाड्यांवर काहीतरी द्या' असं कळवलं, तेव्हा मी या काकांनाच फोन लावला.

"अरे, आत्ता नको येऊस," काका म्हणाले. "नवं बांधलेलं इंजिन गाडीत बसवलं आणि जाम झालं. फिरतच नाहीये. मिस्त्रींचं डोकं मात्र फिरलंय."

म्हटलं, मग तर येतोच. चालत्या गाडीवर लिहायला असतं काय? तिचे आकडे माहितीपत्रकातही मिळतात.

गाडी १९६७ ची पाँटियाक जीटीओ. तिचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण इथे तो शेंबडं पोरही सांगतं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटियाक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. गाडी साधी टेंपेस्टच ठेवायची, पण सुमारे ३०० डॉलर जादा मोजणाऱ्याला थोरल्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन पर्याय म्हणून द्यायचं. विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी मान डोलावली. विक्रीवाल्यांना ५,००० गाड्यांचीही खात्री नव्हती. १९६४ सालच्या ३२,४५० खपल्या. नाव फेरारीच्या गाडीवरून सरळ उचललेलं. १९६७ साली इंजिन ४०० घन इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं झालं. मुंबईच्या सहा पद्मिनी टॅक्स्यांची इंजिनं एकत्र बांधली तर एवढा ऐवज होईल. पुढे विम्याचे हप्ते भडकले, धुराचे कायदे आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि असल्या गाड्यांचे दिवस संपले. पाँटियाक हे नावही जनरल मोटर्सनं २०१० साली बंद केलं. आता पाँटियाक म्हणजे डेट्रॉइटच्या वायव्येला असलेलं एक गाव, एवढंच उरलं आहे.

त्याच गावात, वुडवर्ड अव्हेन्यूपासून हाकेच्या अंतरावर एक गॅरेज आहे. काका ज्यांना आपल्याशी बोलताना 'मिस्त्री' म्हणतात ते हे गॅरेजवाले: पंच्याहत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कानाला थोडे कमी. मी पोचलो तेव्हा गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं होतं. काका हातात लांब दांड्याचा पाना घेऊन उभे होते आणि मिस्त्री खुर्चीवर बसून वही वाचत होते.

मला पुढे जे काही समजलं ते त्या वहीमुळे. जाडजूड, तेलकट पानांची ती वही प्रत्येक इंजिनासाठी नवी असते. इंजिन बांधताना एकेक भाग चढला की मिस्त्री क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या बोल्टला काट्याचा टॉर्क पाना लावतात आणि क्रँक फिरवायला किती जोर लागतो ते लिहून ठेवतात. नुसती क्रँक बेअरिंगांवर बसवून कॅप आवळल्या की एक आकडा. पाँटियाकच्या इंजिनाला मागच्या बाजूला दोरीचं ऑइल सील असतं, ते नवं असताना क्रँकला घट्ट धरतं. म्हणून सील घालण्याआधीचा आकडा वेगळा, नंतरचा वेगळा. मग एकेक पिस्टन रिंगांसकट बोअरमध्ये गेला की पुन्हा आकडा. जोर हळूहळू वाढत जायला हवा. एखाद्या पिस्टननंतर आकडा एकदम उडी मारतो, तेव्हा दोष शोधायला लांब जावं लागत नाही. रिंगेची टोकं एकमेकांना भिडलेली असतात, नाहीतर कनेक्टिंग रॉडची कॅप उलटी बसलेली असते.

"सगळं इंजिन बांधून मग ते फिरत नाही म्हणणाऱ्याला सोळा जागी शोधावं लागतं," मिस्त्री म्हणाले. "मला एकाच."

वहीतली शेवटची नोंद स्पष्ट होती. आठही पिस्टन, दोन्ही हेड, टायमिंग चेन, सगळं जागेवर. स्पार्क प्लग बाहेर. क्रँक बिनतक्रार फिरते. इंजिन तेव्हा साखळीवर लटकत होतं. म्हणजे दोष त्यानंतरचा. काका मात्र धास्तावले होते. क्रँक आत कुठेतरी चिकटली, आता सगळं पुन्हा उघडायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. स्टार्टरला करंट दिला की नुसता 'टक्' आवाज यायचा. पान्याच्या दांड्याला पाइप जोडून जोर लावायची त्यांची तयारी होती. मिस्त्रींनी पाना काढून घेतला.

मग ते ज्या क्रमानं मागे गेले तो पाहण्यासारखा होता. आधी आठही प्लग काढले. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साचलं असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण द्रव दाबला जात नाही. अशा वेळी जोर केला तर रॉड वाकतो. प्लग कोरडे होते. स्टार्टर उतरवला, कारण त्याचं दातेरी चाक कधीकधी फ्लेक्सप्लेटच्या, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकावरच्या चकतीच्या, दात्यांत अडकून बसतं. क्रँक ढिम्म. मग पट्टे काढले. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, सगळे हातानं फिरत होते. क्रँक तशीच. यातलं काहीच निघणार नाही हे त्यांना माहीत होतं असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. तरी एकही पायरी त्यांनी गाळली नाही.

मग ते गाडीखाली गेले आणि इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारे बेल हाउसिंगचे बोल्ट सैल करू लागले. काढले नाहीत, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सोडत गेले. वर काका पान्याशी. खालून आवाज आला, "आता बघा." काकांनी एका हातानं पाना ओढला आणि साडेसहा लिटरचं ते धूड आज्ञाधारकपणे फिरलं.

इंजिन जाम नव्हतंच. गिअरबॉक्सनं ते दाबून धरलं होतं.

या गाडीला तीन गिअरांचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो: तेलानं भरलेला, कलिंगडाएवढा लोखंडी डबा. तो गिअरबॉक्सच्या तोंडात तीन ठिकाणी बसावा लागतो. आधी एका शाफ्टच्या खाचांत, मग त्याबाहेरच्या स्थिर नळीच्या खाचांत, आणि शेवटी तेलाच्या पंपावर. पंपाच्या आतल्या चाकाला दोन कान असतात, कन्व्हर्टरच्या मानेला दोन खाचा. डबा हलके फिरवत आत ढकलला की प्रत्येक टप्प्याला तो थोडा आत जातो आणि हाताला कळतं. दोन टप्पे झाले की माणसाला वाटतं, बसला. तिसरा राहतो. बाहेरून फरक दिसतो तो जेमतेम बोटाच्या जाडीचा.

नीट बसलेला कन्व्हर्टर आणि इंजिनाची फ्लेक्सप्लेट यांत सुमारे तीन मिलिमीटर फट उरते. नंतर कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावायचे. इथे फट नव्हती. बेल हाउसिंग ब्लॉकला टेकत नव्हतं, ते बोल्ट आवळून ओढून घेतलं गेलं होतं. मागून एवढा दाब आल्यावर क्रँक पुढे रेटली गेली आणि तिची पुढे-मागे सरक रोखणाऱ्या चौथ्या मेन बेअरिंगवर चेपून बसली. दुसऱ्या टोकाला पंपाचं चाक चेपलं गेलं.

ती जोडणी मिस्त्री नसताना काकांनी शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन उरकली होती. वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. मिस्त्री त्यावर एक शब्द बोलले नाहीत. काका मात्र मला मराठीत म्हणाले, "पस्तीस वर्षं इंजिनिअर होतो रे मी. आता हे घरी सांगू नकोस." घरी सांगितलं नाही. लेखाला मात्र त्यांची परवानगी आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केल्यावर डायल गेज लावून क्रँकची पुढे-मागची सरक मोजली. ती मर्यादेत होती, बेअरिंग वाचलं. पंप उघडला तेव्हा चाकाच्या एका कानाला केसाएवढी चीर दिसली. ही चीर घेऊन गाडी निघाली असती तर कधीतरी भर रस्त्यात पंप फुटला असता. हा गिअरबॉक्स असंख्य मोटारी-ट्रकांत वर्षानुवर्षं वापरला गेल्यामुळे त्याचे भाग सहज मिळतात. पंपाचं चाक बदललं, विषय संपला.

संपला असं काकांना वाटलं. पण उघडलंच आहे तर मिस्त्रींनी टॅपेट पुन्हा तपासायला घेतले आणि गाडी तिथेच अडकली.

टॅपेट म्हणजे कॅमच्या उंचवट्यांवर टेकून झडपा उघडणारे दट्टे. या इंजिनातले टॅपेट सपाट बुडाचे म्हणवतात, पण बूड किंचित फुगीर असतं आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरपा. त्या तिरकेपणामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला नाही तर कॅम काही मिनिटांत घासून सपाट होतो आणि त्याचा लोखंडी कीस सगळ्या बेअरिंगांत जातो. मिस्त्रींनी टॅपेटच्या बुडावर पोलादी पट्टी ठेवून उजेडासमोर धरली. बूड फुगीर असेल तर पट्टीच्या दोन्ही कडांना उजेडाची रेघ दिसते. नव्या कोऱ्या संचातल्या काही टॅपेटांना ती दिसलीच नाही. ते मला ओळीनं हातात देत गेले, आणि एकदा काय बघायचं ते कळल्यावर मलाही दिसू लागलं.

दुसरा संच मागवला तर तोही तपासावा लागेल. बरं, टॅपेट चांगले मिळाले तरी तेलाचा प्रश्न आहे. अशा कॅमला तेलात जस्ताचं संयुग भरपूर लागतं, आणि आजच्या गाड्यांच्या धुराड्यातला उत्प्रेरक त्यानं खराब होतो म्हणून नव्या तेलांत ते कमी केलं आहे. खास तेल आणावं लागतं. पहिल्यांदा चालू झाल्यावर इंजिन मंद ठेवायचं नाही, वीसेक मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास सलग पळवायचं. आणि चालू होण्याआधी स्टार्टर फार वेळ मारला तर कॅमवर चोपडलेलं वंगण निघून जातं. पेट्रोलचं दुखणं निराळं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ ला १, ते शिसंवाल्या उंची पेट्रोलच्या काळातलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत.

मिस्त्रींचं म्हणणं, बुडाला चाक असलेले रोलर टॅपेट आणि त्यांचा कॅम घाला, कॅमची ही सगळी भीती जाते. काकांचं म्हणणं, मग ती १९६७ ची राहिली कुठे? आतलं कुणाला दिसणार आहे, असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मला माहीत असेल ना." माझा कौल मिस्त्रींना आहे. गाडी चालण्यासाठी बांधतात, आणि हे इंजिन बिघडलं तर पुन्हा बांधून देणारे मिस्त्री तेव्हा गॅरेजात असतील याची हमी कोण देणार? त्यांच्या हाताखाली कुणी नाही. मुलगा दुसऱ्या राज्यात संगणकाचं काम करतो. क्रँक घासून देणारा त्यांचा ओळखीचा लेथवाला निवृत्त झाला, आता काम दुसऱ्या गावी पाठवून आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. वह्या कपाटात रचलेल्या आहेत. त्या वाचायला कुणी आलं तर आनंद आहे, असं ते म्हणाले, पण अजून कुणी आलेलं नाही.

वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मोठा ताफा निघतो. त्या सुमारास मिशिगनमध्ये असाल तर जरूर जा. गर्दी असते, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. काकांची जीटीओ मात्र यंदा तिथे शोधू नका. टॅपेटांवर दोघांचं अजून जमलेलं नाही.