मोरपंखीचा शेंडा आणि टाचेचे हाड

दिवाळीपूर्वीची साफसफाई घरातून अंगणात पोहोचली, की आमच्या अपघात विभागात टाच धरून कुणी ना कुणी येतोच. गेल्या वर्षी असेच एक निवृत्त गृहस्थ आले. वय पासष्टच्या आसपास. बंगला बांधला तेव्हा त्यांनी कंपाउंडलगत मोरपंखीची गुडघ्याएवढी रोपे ओळीने लावली होती. वीस वर्षांत त्यांची बारा-चौदा फुटी हिरवी भिंत झाली. शेजाऱ्यांचे ऊन अडू लागले, कुरबुर सुरू झाली, म्हणून काका स्वतःच कोयता घेऊन शिडीवर चढले. शिडी टेकवली होती मोरपंखीलाच.

मोरपंखी बाहेरून भिंतीसारखी दिसते, पण आतून पोकळ असते. आत ऊन पोहोचत नाही, पाने गळतात आणि तपकिरी काड्या उरतात. तिच्यावर टेकवलेली शिडी वजनाने आत जाते आणि कोयत्याच्या झटक्यासरशी बाजूला सरकते. काका उभेच्या उभे दोन्ही टाचांवर पडले.

‘‘डॉक्टर, पाठीचे जाऊ द्या, टाच बघा,’’ असे ते म्हणत होते. पण उंचावरून पडून टाच मोडली असेल, तर पाठ तपासल्याशिवाय रुग्णाला सोडायचे नाही, हे आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवतात. पडण्याचा जोर टाचेतून पायांच्या हाडांवाटे वर चढतो. छातीचा ताठ कणा संपून कमरेचा लवचिक कणा जिथे सुरू होतो, तिथे मणका दबतो. काकांच्या एक्स-रेत कमरेचा पहिला मणका पाचरीसारखा दबलेला होता. नशिबाने मज्जारज्जू वाचला. नशिबाने म्हणतो, कारण त्यांना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले होते!

असा माणूस पडला तर त्याला बसवू नका, उभे करू नका, हातपाय धरून उचलू नका. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे आहे तिथेच विचारा आणि १०८ला फोन लावा. हलवणे अगदीच भाग असेल तर चार जणांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे.

दुसरा धोका तारेचा. राहात्याकडच्या पेरूबागा, श्रीगोंद्याकडच्या लिंबूबागा यांच्या बांधावर वारा अडवायला लावलेले सुरू तारेपर्यंत पोहोचतात. (सुरू दिसतो मोरपंखीच्या नात्यातला, पण तो सपुष्प वृक्ष आहे; त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक डहाळ्या.) ओली फांदी वीज वाहून नेते, ॲल्युमिनियमची शिडी तर नेतेच. ११ हजार व्होल्टच्या तारेला शिवायचीही गरज नसते, जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते. विजेच्या जखमेला फसू नका. कातडीवर रुपयाएवढा डाग असतो आणि आत स्नायू शिजलेला असतो. त्या स्नायूतले द्रव्य मूत्रपिंडात अडकते, लघवी काळ्या चहासारखी होते. हृदयाचे ठोकेही चुकू शकतात, म्हणून ‘काही झाले नाही’ म्हणणाऱ्याचाही ईसीजी काढतो. शेंडा तारेजवळ असेल तर आधी महावितरणला १९१२ वर कळवा. पुरवठा बंद झाल्याशिवाय कोयता लावू नका.

आता मोरपंखीबद्दल. मेंदी किंवा कडुनिंब कुठेही तोडा, फुटवा येतो. मोरपंखीचे तसे नाही. तिच्या जुन्या तपकिरी लाकडावर डोळे जवळजवळ उरत नाहीत. शेंडा कापला तर बाजूच्या हिरव्या फांद्या हळूहळू वर झाकून घेतात. पण बाजू खोलवर, तपकिरी भागापर्यंत कापली तर ते भगदाड कायमचे. आमच्या क्वार्टरच्या कुंपणावर मी हाच पराक्रम केला आहे, तिसरे वर्ष चालू आहे, भोक तसेच.

म्हणून उंची एका दमात निम्मी करू नये. एका वर्षी फार तर एक तृतीयांश, उरलेली पुढच्या वर्षी. हव्या असलेल्या उंचीपेक्षा खोड अर्धा फूट खाली कापावे, म्हणजे नवा फुटवा तिथे बसतो. एप्रिल-मेमध्ये नको, सावलीत वाढलेली आतली पाने उन्हाने करपतात. पावसाळ्यात मुनियांची घरटी असतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ मला बरा वाटतो. शहराच्या हद्दीत असाल तर १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागते का, हे वृक्ष अधिकाऱ्याला आधी विचारा.

आणि हे काम जमिनीवरून होत असेल तरच आपण करावे. लांब दांड्याची कात्री घ्या, चष्मा घाला, आत गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना, हे बघा. डोक्याच्या वरचे काम सवयीच्या माणसाचे. त्यालाही चार पायांचा घोडा आणि तो धरायला एक माणूस द्या. चक्कर येणाऱ्यांनी, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी शिडी चढूच नये. काका अशी गोळी घेत होते, हे आम्हाला नंतर कळले.

तीन महिने ते कमरेला पट्टा बांधून होते. यंदा त्यांची मोरपंखी माळ्याने नऊ फुटांवर आणली. काका गेटजवळ खुर्ची टाकून ‘अजून थोडे डावीकडे’ असे सांगत बसले होते, आणि माळी ते अजिबात ऐकत नव्हता.