सुखाची आधारपातळी

सुखाची आधारपातळी ही मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. विशेष आनंदाचा किंवा दुःखाचा प्रसंग नसताना व्यक्तीला एरवी जेवढे समाधान वाटते, त्या पातळीस ही संज्ञा लावतात. ती व्यक्तिपरत्वे भिन्न असते.

कारणे

माणूस भल्याबुऱ्या बदलांना सरावतो व पुन्हा मूळ पातळीजवळ येतो, असे फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये मांडले. डेव्हिड लिकेन व ऑके टेलेगन यांनी १९९६ मध्ये मिनेसोटातील जुळ्यांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. मात्र आनुवंशिकतेचे प्रमाण लोकसमूहातील फरकांविषयी असते. एका व्यक्तीचे सुख जन्मतःच ठरते, असा त्याचा अर्थ नाही.

मर्यादा

सर्वच गोष्टींचा पुरता सराव होत नाही. दीर्घ बेरोजगारीनंतर समाधानाची पातळी खालीच राहिल्याचे आढळले आहे.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील तानसा, मोडकसागर व भातसा जलाशयांचे पाणी मुंबईस जाते. त्याच तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. शहापूर व मुरबाड येथील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी हंगामी स्थलांतर करतात. सारखेच कष्ट सोसणारे दोन शेजारी स्वभावभेदामुळे कमीअधिक समाधानी असू शकतात. परंतु हंडाभर पाण्यासाठीची पायपीट दोघांनाही चुकत नाही. त्यामुळे एखादी व्यक्ती हसतमुख आहे, एवढ्यावरून तिच्या गरजा भागल्या आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.