चॅनलच्या पोटातला नट: पाईप नेमका कशावर टांगलेला असतो?

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना नट-बोल्ट हातात धरून बोलत होतो, ते ऐकणाऱ्याला दिसत नव्हतं. म्हणून तो भाग इथे जरा सविस्तर लिहिला आहे. बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यावर काय बोलायचं? विषय आहे स्लॉट असलेल्या सी-चॅनलवर पाईपचा क्लॅम्प बसवायला जे सामान लागतं, ते. स्प्रिंग नट, चौकोनी वॉशर, बोल्ट, स्टड. एक नग काही रुपयांना मिळतो. पण नाशिकमध्ये तुम्ही सातपूरला, अंबडला, सिन्नरला कुठल्याही कारखान्यात काम करत असाल, तर तुमच्या डोक्यावरून आत्ता जे पाईप गेले आहेत ते बहुतेक याच सामानावर टांगलेले असतील. एकदा मान वर करून बघा.

मी या विषयावर का आलो, ते आधी सांगतो.

तीन ब्रॅकेट खाली सरकले

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबडमधल्या एका कारखान्यात आम्ही हायड्रंटची लाईन टाकली होती. 4 इंची जीआय पाईप, शेडच्या खांबांच्या रांगेने. प्रत्येक खांबावर उभं सी-चॅनल, त्यात आडवा ब्रॅकेट, ब्रॅकेटवर पाईप, पाईपला क्लॅम्प. काम संपलं, मी खालून चक्कर मारली, सगळे क्लॅम्प दिसले, चेकलिस्टवर सही केली.

सुट्टीच्या दिवशी पंप चालवून बघायचा ठरला. लाईन अर्धी रिकामी होती. पंप सुरू झाला, पाणी धावलं आणि टोकाच्या एल्बोवर आदळलं. सगळी लाईन हादरली. ओळीने तीन ब्रॅकेट चॅनलवरून खरकन खाली घसरले आणि पाईप कमरेत मोडल्यासारखा लोंबला. आमचा एक हेल्पर दोन मिनिटांपूर्वी त्याच जागी शिडीवर होता. चहा आला म्हणून उतरला होता. एवढंच. त्याचं आणि माझं नशीब.

खाली आल्यावर आमच्या फिटरमामांनी एकेक ब्रॅकेट हातात घेऊन पाहिला. मला म्हणाले, "साहेब, क्लॅम्प तर एकही सुटला नाही."

खरंच होतं. तिन्ही क्लॅम्प पाईपला घट्ट चिकटून होते. सुटलं होतं ते चॅनलच्या आत, जे खालून दिसत नाही. आणि सही माझी होती.

चॅनल कसं असतं

आता सामान बघू. ज्याला आपण साइटवर सी-चॅनल किंवा नुसतं 'चॅनल' म्हणतो, ती पत्र्याची लांब पन्हळी असते. सगळ्यात जास्त चालणारं माप 41 बाय 41 मिलिमीटर. त्याचा कमी खोलीचा भाऊ 41 बाय 21. पत्रा साधारण 1.5 ते 2.5 मिलिमीटर. ही 41 ची आकडेवारी विचित्र वाटते, कारण मूळ माप इंचातलं आहे, 1 आणि 5 अष्टमांश इंच. अमेरिकेत मिशिगन राज्यात चार्ल्स ॲटवूड यांनी 1924 साली ही पद्धत काढली. कंपनीचं नाव युनिस्ट्रट. त्यावरूनच जगभर याला 'स्ट्रट' म्हणतात.

चॅनलच्या पाठीला लांबट भोकं असतात, ती भिंतीला किंवा छताला अँकर मारायला. पुढच्या बाजूला सलग उघडं तोंड, साधारण 22 मिलिमीटर रुंद. आणि त्या तोंडाच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. या वळलेल्या कडा म्हणजेच सगळ्याचं मर्म. वेल्डिंग नको, ड्रिल नको. आतून नट त्या कडांना पकडतो, बाहेरून बोल्ट आवळतो. पाईप इंचभर सरकवायचा असेल तर ढिला करा, सरकवा, पुन्हा आवळा.

एक सावधगिरी. दुकानात 'स्लॉटेड' एवढंच म्हणालात तर कधीकधी रॅकची स्लॉटेड अँगल पुढे येते, आपण गोदामात कपाटं बनवतो ती. तिला आत वळलेल्या कडा नसतात. ती या कामाची नाही.

स्प्रिंग नट: सगळा भार याच्यावर

नट म्हणजे जाड लोखंडाचा छोटा लांबट तुकडा, मधोमध आटे. एम 8, एम 10, एम 12 ही नेहमीची मापं. त्याच्या वरच्या अंगाला दोन खाचा असतात आणि खाचांत दाते. रुंदी 22 पेक्षा कमी, म्हणून तोंडातून आत जातो. लांबी जास्त, म्हणून आत गेल्यावर पाव फेरा फिरवला की आडवा होतो आणि दोन्ही खाचा दोन्ही कडांखाली बसतात. समोरासमोरचे दोन कोपरे गोल केलेले असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि 90 अंशांवर भिंतीला अडतो. मागची स्प्रिंग त्याला कडांवर दाबून धरते, म्हणजे बोल्ट लावेपर्यंत नट आत घरंगळत नाही.

आमच्या तीन ब्रॅकेटमध्ये काय झालं होतं? नट तिरके बसले होते. पाव फेरा पुरा झालाच नव्हता. खाच कडेत न बसता नुसते दोन कोपरे टेकले होते. बोल्ट आवळला तेव्हा हाताला घट्ट लागलं, कारण कोपरे रुतले होते. पाईप रिकामा होता तोवर तेवढ्यावर निभावलं.

आता उभ्या चॅनलचा हिशोब वेगळा असतो, हे लक्षात घ्या. छताला आडवं चॅनल असेल आणि खाली पाईप लोंबत असेल, तर नट कडांवर बसून वजन पेलतो. उभ्या चॅनलवर मात्र वजन चॅनलच्या लांबीच्या दिशेने खाली ओढतं. तिथे अडवायला फक्त दोनच गोष्टी: आवळण्यातून आलेलं घर्षण आणि कडांत रुतलेले दाते. नट तिरका म्हणजे दातेही गेले आणि घर्षणही अर्धं गेलं.

वजन किती? 4 इंची मध्यम जाडीचा जीआय पाईप मीटरला साधारण 12 किलो. आतलं पाणी आणखी साडेआठ-पावणेनऊ किलो. म्हणजे मीटरला जवळपास 21 किलो. 3 मीटरवर एक ब्रॅकेट धरला तर एकेका ब्रॅकेटवर 60 किलोंच्या वर, एक माणूस बसल्यासारखं. हे झालं शांत पाण्याचं. सेकंदाला 1 मीटर वेगाने धावणारं पाणी एकदम अडलं, तर लोखंडी पाईपमध्ये दाब क्षणभर 12-13 बारने उसळू शकतो. 4 इंची एल्बोवर त्याचा धक्का हजार किलोंच्या घरात जातो. क्षणभरच, पण तिरक्या नटाला क्षण पुरतो.

तीन बारीक चुका

त्या दिवसानंतर मी आणि मामांनी उरलेले सगळे ब्रॅकेट उघडले. तिरक्या नटाशिवाय आणखी तीन चुका सापडल्या. या मी पुढे बऱ्याच साइटवर पाहिल्या, म्हणून सांगतो.

पहिली, गोल वॉशर. एम 10 चं साधं गोल वॉशर 20 मिलिमीटरचं असतं. चॅनलचं तोंड 22 चं. म्हणजे जिथे वॉशर थेट चॅनलच्या तोंडावर येतं, तिथे ते कडांवर टेकतच नाही, तोंडात बुडतं. तिथे 40 बाय 40 चं चौकोनी जाड वॉशरच लागतं.

दुसरी, लांब बोल्ट. 21 खोलीच्या चॅनलमध्ये आत जागा साधारण साडेअठरा मिलिमीटर. ब्रॅकेट 6 मिलिमीटर, वॉशर 2, आणि बोल्ट 30 चा घेतला, तर आत जायला बघतात 22. मागे लांबट भोक आलं तर बोल्ट त्यातून निघून जातो. पत्रा आला तर टोक पाठीला टेकतं. पाना जड होतो, माणसाला वाटतं आवळलं. प्रत्यक्षात बोल्ट पाठीला ढकलतोय, नट कडेला धरतच नाही. ही चूक सगळ्यात फसवी, कारण हाताला ती बरोबर वाटते.

तिसरी, चुकीची स्प्रिंग. 41 च्या चॅनलला लांब स्प्रिंग, 21 ला आखूड. गोणीत दोन्ही मिसळतात. आखूड स्प्रिंगचा नट 41 मध्ये टाकला तर तो आत पडतो, मग कारागीर स्क्रूड्रायव्हरने त्याला वर धरून बोल्ट लावतो. तिथेच तो तिरका राहतो. आमच्या तीन नटांचं मूळ हेच निघालं. 41 चं चॅनल, 21 चे नट.

आता क्लॅम्प

क्लॅम्पचे ढोबळ दोन प्रकार. एक दोन तुकड्यांचा. त्याचे पाय स्वतःच चॅनलच्या कडांत अडकतात आणि वर एक बोल्ट दोन्ही तुकडे आवळतो. याला वेगळा नट लागत नाही. दुसरा रबर लावलेला गोल क्लॅम्प, ज्याच्या बुडाला एम 8 किंवा एम 10 चे आटे असतात. तो स्टडवर बसतो आणि स्टड स्प्रिंग नटमध्ये. इथे पुन्हा सगळी मदार नटवर.

क्लॅम्प मागताना 'एक इंची द्या' म्हणू नका. एक इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास 33.7 मिलिमीटर, एक इंची सीपीव्हीसीचा 28.6. नाव एक, जाडी वेगळी. जीआयचा क्लॅम्प सीपीव्हीसीवर लावला की पाईप आत खुळखुळतो आणि वर्ष-दोन वर्षांत घासून पातळ होतो. कॅलिपरने मोजा आणि मिलिमीटरमध्ये मागा.

रबर कुठे हवंच? तांब्याच्या पाईपला. चॅनलवर जस्ताचा मुलामा असतो. तांबं आणि जस्त ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त झिजतं, मग खालचं लोखंड गंजतं. रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या लाईन तांब्याच्याच असतात. नाशिककरांना ऑक्सिजन म्हटलं की 21 एप्रिल 2021 आठवतो. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली, पुरवठा विस्कळीत झाला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्या घटनेचा क्लॅम्पशी संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगतो. पण पाईपमधला दाब पडणं म्हणजे काय, हे या शहराने पाहिलं आहे. म्हणून अशा लाईनच्या आधाराला कोणी 'किरकोळ सामान' म्हणालं की मला राहवत नाही.

सगळं गच्च आवळायचं का?

एका श्रोत्याने मागे विचारलं होतं, "दादा, सगळे क्लॅम्प एकदम टाईट करून टाकले तर प्रश्नच मिटला ना?" मिटत नाही, उलट वाढतो. आपल्याकडे निफाडच्या बाजूला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली चाळीस सहज ओलांडतो. 30 अंशांचा फरक धरला तर 30 मीटर लोखंडी पाईप साधारण 11 मिलिमीटर लांबतो. तेवढाच सीपीव्हीसी पाच सेंटिमीटरहून जास्त. म्हणून एका सरळ लाईनला एक जागा पक्की धरायची आणि बाकी क्लॅम्पमध्ये पाईपला लांबीच्या दिशेने सरकू द्यायचं.

गोंधळ इथे होतो. पाईप क्लॅम्पमध्ये सरकला तर चालतो. नट चॅनलमध्ये सरकला तर नाही. नट नेहमी बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानेच आवळायचा. गन मारून सोडून देऊ नका. आटे गेले तरी बाहेरून कळत नाही.

आणि पावसात उघड्यावर असलेल्या लाईनला हॉट डिप केलेलंच चॅनल आणि नट घ्या. चकचकीत इलेक्ट्रोप्लेटिंग आतल्या कोरड्या जागेसाठी. चॅनल कापलं की कापलेल्या तोंडाला जस्ताचा रंग लगेच लावा.

मी आता काय करतो

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. बोल्ट लावण्याआधी कारागिराने नट बोटाने हलवून बघायचा, आडवा अडला की नाही. बऱ्याच नटांवर खूण असते, ती चॅनलला काटकोनात दिसली पाहिजे. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर मार्करने एक सरळ रेघ. रेघ म्हणजे 'हा मी स्वतः आवळला'. पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि ती जमिनीवरूनही दिसते. शिवाय दहातला एक नट मी स्वतः शिडीवर चढून बघतो. खालून सही करत नाही. आणि पंपाची चाचणी घेताना लाईन आधी हळू भरतो, हवा काढतो, लाईनखाली कोणालाही उभं राहू देत नाही.

मामा आता निवृत्त झाले. पण नव्या पोरांना 41 आणि 21 चे नट वेगवेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवायची सवय त्यांनीच लावली. मोठे लाल डब्यात, छोटे निळ्या डब्यात. तुमच्या स्टोअरमध्ये दोन्ही एकाच गोणीत असतील, तर हा भाग वाचून झाल्यावर तेवढं एक काम करा.

तुमच्या साइटवरचे अनुभव जरूर कळवा. पुढच्या भागात काँक्रीटमध्ये अँकर मारण्याबद्दल बोलू, कारण नट पक्का बसला तरी चॅनलच भिंतीतून निघालं तर काय उपयोग? तोपर्यंत काळजी घ्या. भेटू.