जैसलमेर: कोरड्या हवेसाठी बांधलेला किल्ला

राजस्थानच्या वाळवंटात त्रिकूट नावाच्या टेकडीवर उभा असलेला जैसलमेरचा किल्ला भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये वसवला, असे परंपरा सांगते. सिंधकडे ये-जा करणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर हे नगर श्रीमंत झाले आणि २०१३ मध्ये राजस्थानातील अन्य पाच डोंगरी किल्ल्यांसह त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मात्र त्याचे खरे वेगळेपण असे, की तटाच्या आत आजही काही हजार माणसे राहतात आणि जैन मंदिरांच्या नक्षीदार भिंतींना लागूनच त्यांची घरे, दुकाने व स्वयंपाकघरे आहेत.

वर चढणारी वाट अखई, सूरज, गणेश आणि हवा या चार पोलांतून, म्हणजे वेशीच्या दरवाजांतून, वळणे घेत जाते. दरवाजांची ही वाकडी रचना हत्तींची धडक आणि शत्रूची धाव रोखण्यासाठी होती. तटावर ९९ बुरूज असून त्यांच्या कठड्यांवर वेढा घालणाऱ्यांच्या अंगावर ढकलण्यासाठी ठेवलेले दगडी गोळे अजूनही दिसतात. पिवळ्या वालुकाश्माचे घडीव चिरे बऱ्याच ठिकाणी चुन्याशिवाय, एकमेकांत अडकवून रचलेले आहेत. पाऊस तुरळक आणि पाणी दुरून डोक्यावर वाहून आणलेले, अशा प्रदेशात ही कोरडी रचना अत्यंत शहाणपणाची होती, कारण मोजून वापरल्या जाणाऱ्या पाण्यातून जमिनीत फारसे मुरतच नसे.

नळाचे पाणी घरोघर पोहोचले, पर्यटकांसाठी अतिथिगृहे व न्हाणीघरे वाढली आणि हा हिशोब कोलमडला. टेकडी ठिसूळ गाळाच्या खडकाची असून तिच्यात मातीचे थर आहेत. गळक्या नळांतून व गटारांतून झिरपणारे पाणी या थरांना फुगवते, उतार सैल होतो आणि वरचा तट सरकतो. १९९६ मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने किल्ल्याचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत घेतले, पुढे राणीच्या महालाची दुरुस्ती झाली, तरी ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा काही भाग पुन्हा ढासळला. रहिवाशांना खाली हलवावे, हा वारंवार सुचवला जाणारा उपाय अन्यायाचा आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कुटुंबांशिवाय उरेल ते केवळ रिकामे दगडी आवार. त्याऐवजी नवी अतिथिगृहे थांबवावीत आणि दर्शनी नक्षीच्या डागडुजीआधी जमिनीखालचे नळ व गटारे दुरुस्त करावीत. जैसलमेरला जाणाऱ्या वाचकांनी मुक्काम तटाखालच्या शहरात करावा आणि किल्ला पायी हिंडून पाहावा.