ओझे उचलावे, पण कंबर राखून

मळणी आटोपली की पोत्यांची उचल सुरू होते. खळ्यावरून गाडीत, गाडीतून कोठारात आणि विक्रीच्या वेळी पुन्हा बाजार समितीच्या आवारात, असे एकेक पोते अनेकदा उचलले जाते. याच घाईत कंबरेत उसण भरते. हातावर पोट असलेल्या मजुराची कंबर धरली की ऐन हंगामातील मजुरी बुडते. दोष ओझ्याला दिला जातो; परंतु पुष्कळदा तो उचलण्याच्या रीतीतही असतो.

पहार जितकी लांब, तितका दगड लवकर हलतो, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. वाकून, हात लांब करून ओझे उचलले की हाच नियम आपल्यावर उलटतो. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवरून ओढ देतात. म्हणून २० किलोचे ओझे कण्यापासून ५० सेंटिमीटर दूर धरल्यास ते तोलण्यासाठी स्नायूंना सुमारे २०० किलोंची ओढ द्यावी लागते. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर धरले तर ही ओढ निम्मी होते. हा सारा दाब मणक्यांमधील चकत्यांवर पडतो.

उचलण्याची योग्य रीत

१. प्रथम वाट मोकळी करावी व ओझे किंचित हलवून वजनाचा अंदाज घ्यावा.
२. ओझ्याजवळ उभे राहून पायांत खांद्याइतके अंतर ठेवावे. एक पाऊल थोडे पुढे असावे.
३. गुडघे व खुबे वाकवून खाली जावे. पाठ सरळ ठेवावी.
४. ओझे पोटाशी घट्ट धरून पायांच्या जोराने सावकाश उठावे. हिसका देऊ नये.
५. वळताना कंबर पिळू नये. पावले टाकून वळावे. ठेवतानाही हीच रीत पाळावी.

भरलेले पोते जमिनीवरून एकट्याने उचलू नये. दोघांनी एकाच इशाऱ्यावर उचलावे. पोती कंबरेएवढ्या ओट्यावर रचल्यास वाकणे टळते. कमरपट्टा बांधल्याने इजा टळते, असा भरवसा धरू नये.

मालकाचीही जबाबदारी आहे. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली. घरचे धान्य भरतानाही पोती हलकी भरावीत. प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक असल्यास ते कमी करावे आणि स्त्रियांसाठी मर्यादा बरीच खाली ठेवावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केली आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे केवळ सांगू नये, करून दाखवावे. खळ्यावर अर्धे भरलेले पोते घेऊन प्रत्येकाकडून उचलून घ्यावे व इतरांना चुका ओळखावयास लावाव्यात.

उसण भरल्यास अवजड काम थांबवावे, परंतु अंथरुण धरून राहू नये. सोसेल तितकी हालचाल चालू ठेवावी. पायात मुंग्या येणे, बळ कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लघवीवरील ताबा सुटल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पोते पुन्हा भरता येते. मोडलेली कंबर पूर्ववत होईलच असे नाही.